खिलतीच्या बाह्या

तफ्रेश, रजबची नववी

चि. सोहराब यास आबजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चौथ्या दिवशी हातात पडलं. खेचरवाल्यांच्या भरवशावर होतो तेव्हा महिना महिना वाट बघायची, आणि कागद यायचा तो ताकात बुडवून काढल्यासारखा. तू ठाण्याठाण्यावर डाकेची घोडी बांधलीस तेव्हापासून तेहरानात कोणी शिंकलं की इथे तफ्रेशात लोक नाक पुसतात. मशिदीतले म्हातारे मला रस्त्यात गाठून विचारतात, वजीरसाहेबांची काय खबर? मी सांगते, वजीरसाहेबांना खोकला झालाय आणि बहिणीनं विणलेला लोकरी सदरा ते अजून घालत नाहीत.

गल्लीतला रफूगर असद परवा अक्रोडांची पाटी घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी चोरीचा आळ घेऊन त्याचे तळवे फोडून काढले होते, आणि चोर नंतर दुसराच निघाला. कबुलीसाठी कोणाच्याही अंगाला हात लावायचा नाही, हा तुझा हुकूम चौकात वाचला तेव्हा असद काठ्या टेकत ऐकायला गेला होता. अक्रोड तुझ्यासाठी आहेत. निम्मे मी खाल्ले.

शाह आठवडाभर शिकारीवर आहेत असं लिहितोस. म्हणजे राज्य तू चालवायचं आणि तितर त्यांनी मारायचे! मग खरा शाह कोण, हे आमच्या कोंबड्यांनाही कळायला लागलं की रे. तुझ्या डोक्यावर मुकुट चढवणार असतील तर आठ दिवस आधी कळव, मला चादर धुवायला टाकावी लागेल.

एक मात्र मनावर घे. फझलला जवळ ओढ. आई गेली तेव्हा मी अठराची, तू चौदाचा आणि तो दुपट्यात. चिंधीनं दूध पाजून जगवलंय त्याला. अक्षर तुझ्याहून सुंदर आहे, डोकंही चालतं, पण तुझ्या सावलीत उभा राहून पोर कुडकुडतंय. भावानं हात दिला नाही तर कोणी द्यायचा?

माहनिगारला आशीर्वाद, नोशीन आणि रैहानेला पापे. मला विसरू नकोस, आणि सदरा घाल.

तुझी आबजी,
गौहर

•

तेहरान, शाबानची दुसरी

ती. आबजींस सा. न. वि. वि.

अक्रोड पोचले. निम्मे म्हणालीस, पाटीत पाव भाग निघाले. तुझं पत्र माहनिगारला वाचून दाखवलं, मुकुटाच्या जागी ती इतकी हसली की रैहाने दचकून जागी झाली. पण आबजी, असली थट्टा कागदावर नको. इथे हसणारे कमी आहेत आणि वाचणारे फार.

फझलला माझा पत्रलेखक नेमलं आहे. माझ्या पेटीची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. तो यावर खूश नाही. त्याला काशानची सुभेदारी हवी होती. मी म्हणालो, सव्विसाव्या वर्षी सुभा हाती आला की माणूस आधी चाबूक शोधतो. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी हसतमुखानं आला आणि माझा हात चुंबून म्हणाला, दादा, तुमचंच बरोबर.

राजमातेच्या भाच्याला सुभ्यावरून काढलं. भाकरी हलकी भरली म्हणून त्यानं एका भटियाऱ्याचा कान दुकानाच्या दाराला खिळवला होता. कान फाडून सुटून तो माणूस माझ्याकडे आला, तशा रक्तानं भरलेल्या फडक्यानिशी. भाच्याला काढल्यावर राजमातेनं मला मिठाई पाठवली. शाहच्या पोशाखखान्याचा कारभारी शाहवर्दी खान ती घेऊन आला आणि मी एक तुकडा तोंडात टाकेपर्यंत हात बांधून समोर उभा राहिला. मला त्या दोघांचा राग झेपतो, आबजी. मिठाई झेपत नाही.

शाह अठरा वर्षांचे आहेत. ज्याचा आवाज शेवटी कानावर पडतो त्याचं त्यांना पटतं. त्यांची अक्षरं मीच गिरवून घेतली, म्हणून वाटतं की हा मुलगा मला ओळखतो. शिकार संपून ते दरबारात बसू लागले की सगळं सुरळीत होईल.

तुझे हात आठवणीनं चुंबतो. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा,
सोहराब

•

तेहरान, शव्वालची एकविसावी

ती. वन्सं यांस माहनिगारचा सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लागणार नाही, क्षमा करा. आज सकाळी दरबार भरला आणि दुपारच्या आत ह्यांची वजिरी गेली. शाहवर्दी खान नवा वजीर झाला.

झालं ते असं. महिनाभर शाहच्या कानात कोणी कोणी ओतत होतं की वजीर तुमच्या सावत्रभावाला गादीवर बसवणार. शाह ऐकून घेत, पण ह्यांना समोर पाहिलं की वरमत. आज शाहवर्दी खाननं भरदरबारात एक पत्र काढून वाचलं. राज्य वजिरानं चालवायचं आणि तितर शाहनं मारायचे. खरा शाह कोण हे कोंबड्यांनाही कळलंय. डोक्यावर मुकुट कधी चढणार ते आधी कळव. वन्सं, ते तुमचं पत्र होतं.

हे म्हणाले की ती बहिणीची थट्टा आहे. शाहवर्दी खान म्हणाला, घरात थट्टा होते तेच मनात असतं. कोणीतरी हसलं. शाह लालबुंद झाले आणि उठून गेले. त्यानंतर त्यांची भेटच नाही.

पत्र पेटीतच होतं. पेटी फुटलेली नाही. संशयावरून म्हाताऱ्या हुजऱ्याला घरातून काढलं, तो उंबरठ्यावर डोकं आपटून रडत होता की मला वाचतासुद्धा येत नाही. फझलभावोजींनी तर रडून रडून डोळे सुजवून घेतले आहेत. तेच एकटे आमच्यासाठी दारोदार फिरताहेत.

हुकूम असा आहे की ह्यांनी दोन दिवसांत तुमच्याकडे तफ्रेशला जायचं. मी आणि मुलींनी इथेच राहायचं. का, ते कोणी सांगत नाही, पण कळतं.

तुम्हाला दोष देत नाही. मीही हसले होते. ह्यांना सांभाळा. तुमच्याशिवाय मला आता कोणाकडे बघायचं?

आपली,
माहनिगार

•

तेहरान, शव्वालची तेविसावी

ती. आबजींस फझलचा सा. न. वि. वि.

दादा आज निघाले. त्यांना किरमानच्या वाळवंटात धाडायचं ठरत होतं. मी शाहवर्दी खानांच्या दारात अर्धा दिवस उभा राहिलो, तेव्हा तफ्रेशवर आलं. तुझ्या हातचं खातील, तुझ्या नजरेसमोर राहतील, याहून मी काय करू शकणार?

सोबत पहाऱ्याची माणसं आहेत. त्यांचा नायक काझम बेग दिसायला रांगडा आहे, पण मनानं वाईट नाही.

वहिनी आणि मुलींना मी माझ्या घरी आणलं. दादांच्या गैरहजेरीत मुलींचा पालक म्हणून काझींनी माझं नाव घातलं आहे. नोशीन अबोल झालीय. रैहाने माझ्या मांडीवर बसून जेवते. माझी काळजी करू नकोस, नव्या वजीरसाहेबांनी मला कामावर ठेवलं आहे. घरातलं एक माणूस तरी आत असलेलं बरं.

तू मला चिंधीनं दूध पाजलंस हे विसरलेलो नाही. माया आहे तशीच ठेव.

तुझा धाकटा,
फझल

•

तफ्रेश, जिल्कादची सतरावी

चि. माहनिगार हिस अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा लठ्ठ होतोय. आल्या आल्या दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. तिसऱ्या दिवशी मी डाळिंबं सोलायला दिली. दाणे काढता काढता बोलायला लागला. आता अंगणातल्या वेलाची छाटणी करतो, चुकीची करतो, आणि मी ओरडले की मला दरबारी भाषेत अर्ज लिहून देतो की सदर वेल दयेस पात्र आहे. असद रोज येतो. दोघं निखाऱ्यांवर गोधडी ओढून पाय शेकत बसतात. हा त्याला अक्षरं शिकवतो. असदला आता स्वतःचं नाव लिहिता येतं, आणि ते त्यानं माझ्या कोठीच्या दारावर कोळशानं लिहून ठेवलंय.

माझ्या पत्राबद्दल मी त्याचे पाय धरायला गेले. त्यानं मला मध्येच उचललं आणि म्हणाला, तुझं पत्र नसतं तर त्यांनी माझा खोकला वाचून दाखवला असता.

काझम बेगची वीस माणसं दाराबाहेर बसतात. आत येत नाहीत. माझे मालक या गावचे मोठे आलिम, धर्मपंडित होते, हे घर अजून त्यांच्या नावानं ओळखलं जातं. जनानखान्याचा पडदा ओलांडून त्यांच्या विधवेच्या घरातून कोणाला ओढून नेलं तर सगळं गाव रस्त्यावर येईल, हे त्या काझम बेगला ठाऊक आहे. म्हणून मी सोहराबला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. पाणी मी भरते, रस्सा मी शिजवते आणि आधी मी चाखते. तो चिडवतो की यात विषाची भीती कमी आणि मटणाची हाव जास्त.

तो मुलींचं नाव काढत नाही. परवा रस्त्यातून एक लहान मुलगी गाणं म्हणत गेली, तेव्हा हातातला घास खाली ठेवून तो गाणं संपेपर्यंत तसाच बसला. तेवढं सोडलं तर बरा आहे.

तू खात जा. फझलला माझे आशीर्वाद सांग, तो तुमच्याजवळ आहे म्हणून माझा जीव थाऱ्यावर आहे. लोभ वाढता राहो.

तुझी,
गौहर

•

तेहरान, जिल्हेजची अकरावी

ती. आबजींस फझलचा सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आहे, आधी बस आणि मग वाच. शाहना पश्चात्ताप झाला. तबरेजकडे फौजेनं बंड केलं आणि नव्या वजीरसाहेबांना काही सुचेना. शाह सर्वांदेखत म्हणाले की मिर्झा सोहराब असता तर हे झालं नसतं. दादांसाठी मानाचा पोशाख, खिलत, निघाली आहे. माझ्या डोळ्यांदेखत पेटीत घातली. किरमिजी किनखाप, लांब बाह्या, कडेनं समुराची कातडी.

रिवाज तुला माहीत आहे. शाहची खिलत घरात बसून घेत नाहीत, वेशीबाहेर सामोरं जाऊन घेतात. ओढ्यापलीकडच्या अक्रोडांच्या बागेत ती माणसं थांबतील. दादा हट्टी आहेत, संशय घेतील, नाही म्हणतील. आणि नाही म्हटलं तर तो शाहचा अपमान ठरेल. मग मुलींचं काय होईल, हे मला लिहवत नाही. त्यांना फक्त तू वळवू शकतेस.

आईच्या कबरीची शपथ घेऊन सांगतो, सगळं नीट होणार आहे. दादांची दाढी विंचरून पाठव. घाईत संपवतो, घोडा थांबलाय. माया असू दे.

तुझा,
फझल

•

तफ्रेश, मोहरमची तिसरी

चि. माहनिगार,

हे पत्र डाकेनं नाही, गालिचेवाल्या खदीजाच्या गाठोड्यातून येईल. बसून वाच. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सोहराब गेला. आज अकरा दिवस झाले. काझम बेगनं वाटा रोखून धरल्या होत्या, म्हणून आधी कळवता आलं नाही.

फझलचं पत्र आलं की खिलत येतेय. त्या पोरालाही त्यांनी फसवलं असेल, त्याला बोल लावू नकोस. मी पत्र वाचून अंगणात नाचले. सोहराब म्हणाला, आबजी, ज्याला परत बोलवायचं त्याला कागद पाठवतात, कपडे नाही पाठवत. मी त्याला नको नको ते बोलले. म्हटलं, तुझा ताठा तुझ्या मुलींना खाईल. ते पोरगं राजा असून पडतं घेतंय आणि तू वेलाखाली रुसून बसतोस. मग त्यानं विचारलं, फझलनं स्वतः लिहिलंय का? मी अक्षर दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, फझलनं लिहिलंय ना, मग जायलाच हवं. तेव्हा मला वाटलं की माझं पटलं. आता रोज वाटतं की त्याला त्याच क्षणी सगळं कळलं होतं.

मी त्याची दाढी विंचरली. नखं कापली. लोकरी सदरा काढून ठेवायला लावला, वरून खिलत नीट बसावी म्हणून. दारात तो वळून म्हणाला, वेलाला पाणी घाल. भर दुपार होती, स्वच्छ ऊन.

मी शेजारच्या चारपाच बायका घेऊन गच्चीवर गेले. ओढ्यापलीकडे सगळं दिसत होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. काझम बेगनं वाकून मुजरा केला. पेटी उघडली. किरमिजी पोशाख उन्हात असा चमकला की बायकांनी आ केला. सोहराबनं दोन्ही हात बाह्यांत घातले. बाह्या लांब होत्या, बोटांच्या खूप खाली लोंबत होत्या. मग दोन माणसं दोन्ही बाजूंनी त्या बाह्यांवर वाकली. मी बायकांना म्हटलं, बघा, माझ्या भावाचे हात चुंबताहेत. आणि मी सांगितलं म्हणून, माहनिगार, मी सांगितलं म्हणून आम्ही सगळ्यांनी तोंडावर हात मारून आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या. लग्नात देतात तशा. तो खाली बसला तेव्हाही देत होतो. मला वाटलं, शाहच्या नावानं मुजऱ्याला वाकला.

त्यांनी बाह्या पाठीमागे आवळून गाठ मारली होती. मग काझम बेगनं गळ्याभोवती शाल टाकली. असद झाडामागे होता, त्यानं सगळं पाहिलं. खोगिरावर आडवा टाकून घरी त्यानंच आणलं. गाठ इतकी घट्ट होती की मला ती दातांनी सोडवावी लागली. असद म्हणाला, वजीरसाहेब शेवटी गच्चीकडे बघत होते. किलकाऱ्या त्यांना ऐकू येत होत्या.

अंघोळ मी घालवून घेतली. मालकांच्या शेजारी ठेवलंय. वेलाला पाणी घालते.

मुलींना तू सांग. मी काय सांगू?

गौहर

•

तेहरान, सफरची नववी

ती. आबजींस फझलचा सा. न. वि. वि.

जे झालं त्यात देवाची इच्छा होती. मी चाळीस दिवस काळे कपडे घातले, सगळ्या तेहराननं पाहिलं. नव्या वजीरसाहेबांनी माझं दुःख हलकं करायला डाकखान्याचा कारभार माझ्या हाती दिला. दादांनीच उभा केलेला, म्हणून नाही म्हणवलं नाही.

वहिनींना तू खदीजाच्या हाती पाठवलेलं पत्र माझ्याजवळ आहे. त्यांनीच विश्वासानं जपायला दिलं. तू फार सुंदर लिहितेस, आबजी, मला वाचताना रडू आलं. तुझं लिहिलेलं लोकांना नेहमीच हलवून सोडतं.

आता नीट ऐक. वहिनी माझ्या नकळत शाहच्या आत्याकडे पोचल्या आणि पाय धरले. शाह रडले. म्हणाले, मी फक्त खिलतीच्या कागदावर सही केली होती. चौकशीला म्हाताऱ्या काझी मीर सालेहना तुझ्याकडे धाडलंय, ते कोणाचं ऐकत नाहीत. इथल्या दप्तरात दादा तापानं गेल्याची नोंद आहे. तू सख्खी बहीण, आलिमांची विधवा. तुझी शपथ तीच शेवटची.

काझम बेगची बायको वारली आहे. त्यानं नोशीनला मागणी घातली. ती बारा वर्षांची, तो पन्नाशीचा, पण वजीरसाहेबांची मर्जी आहे. पालक मी आहे. मी अजून होकार दिलेला नाही. म्हटलं, आबजीचं काय ठरतं ते बघू. ताप होता असं तू सांगितलंस तर वहिनी आणि दोघी मुली आठ दिवसांत शिराझला माहेरी रवाना होतील, माझा शब्द. नोशीनचा पालक मात्र तिचं लग्न होईपर्यंत मीच राहीन, कायदाच तसा आहे.

वहिनींना यातलं काही कळू देऊ नकोस. तापट आहेत, पुन्हा कोणाच्या तरी दारात आरडाओरडा करतील, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. पत्रं आता सगळी माझ्याच हातून जातात, हे तुझ्या सोयीसाठी सांगतो.

थंडी फार आहे, जप. धाकट्यावर लोभ असू दे.

फझल

•

शिराझ, जमादिलअव्वलची चौथी

गौहरबीबी यांस,

तुम्हाला वन्सं म्हणायचं नातं आता उरलं नाही.

मी शाहच्या आत्याच्या अंगणात बर्फात गुडघे टेकून बसले होते, तीन दिवस. तेव्हा कुठे शाहपर्यंत माझा आवाज गेला. काझी मीर सालेहसारखा माणूस निघाला, तेव्हा वाटलं की ह्यांच्या रक्ताला आता वाचा फुटेल. आणि तुम्ही कुराणावर हात ठेवून सांगितलंत, ताप!

बाह्यांची गाठ तुम्हीच मला लिहिलीत. दातांनी सोडवली, हे तुम्हीच लिहिलंत. ते पत्र मी फझलभावोजींना जपायला दिलं होतं. आमच्या घराच्या जप्तीच्या गडबडीत त्यांच्याकडून हरवलं, बिचारे हात जोडून माफी मागत होते. नाहीतर मी ते काझींच्या तोंडावर फेकलं असतं.

असदनं खरं सांगितलं. तुमच्या शपथेपुढे तो खोटा ठरला. ह्यांनी बंद केलेली चाल नव्या वजिरानं पुन्हा सुरू केली आहे, आणि तिचा पहिला मान त्याला मिळाला. चौकात त्याचे तळवे फोडले. या वेळी तो उठून उभा राहू शकला नाही, आणि राहणारही नाही. शिराझपर्यंत ही बातमी पोचली, तुमच्या गल्लीत तरी त्याच्या किंकाळ्या पोचल्या असतील.

तुम्हाला काय दिलं त्यांनी? की फक्त घाबरलात? तुमच्या एका पत्रानं ह्यांची वजिरी घेतली, तुमच्या हट्टानं जीव घेतला, आणि तुमच्या शपथेनं खून पुसून टाकला. शाहवर्दी खाननं एकट्यानं इतकं केलं नाही.

देवानं माझं एक ऐकलं. मुली माझ्याजवळ आहेत. फझलभावोजींनी स्वतः वेशीपर्यंत येऊन निरोप दिला, नोशीनच्या डोक्यावर हात ठेवून रडले. त्या घरात माणुसकी असलेला तेवढा एकच निघाला. कधीतरी स्वतःच्या धाकट्या भावाकडून शिका.

उत्तराची अपेक्षा नाही.

माहनिगार

•

तफ्रेश, जमादिलअव्वलची सव्विसावी

माहनिगार हिस,

तुझं पत्र पोचलं. डाकखाना चि. फझलच्या हाती आहे, त्यामुळे नीट पोचलं. हेही त्याच्या हातून जाईल आणि नीट पोचेल.

तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. काझीसाहेब पडद्यापलीकडे बसले होते. त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज फुटला. म्हणाले, बाई, भिऊ नका, शाहनं मला स्वतः पाठवलंय, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. मी सांगितलं, ताप होता. किती दिवस, तर पाच. औषध काय, तर बेहदाण्याचा काढा. शेवटचं काय बोलला, तर काही नाही. त्यांनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि मी शिक्का उठवला.

असदचे पाय मी रोज धुते. तो तोंड फिरवून घेतो, पण धुऊ देतो. त्याच्या बायकोनं मला येऊ नका म्हणून सांगितलं होतं. तिला दुसरं कोणी मिळालं नाही, म्हणून आता काही म्हणत नाही. बाकी गल्लीतलं कोणी माझ्या दारात येत नाही.

मी का केलं ते विचारतेस. म्हातारी बाई, घाबरले, असं समज.

एक सांगते आणि मग पुन्हा लिहिणार नाही. नोशीनचं लग्न लवकर कर. शिराझमध्येच कर, तुझ्या भावांच्या नजरेसमोर. मुलगा साधा असला तरी चालेल, तरुण असावा आणि तिला हसवणारा असावा. चि. फझलची पालक म्हणून संमती लागेल, ती त्याच्याकडे गोड शब्दांत माग, तो नाही म्हणणार नाही. त्यानं शब्द दिला की तो पाळतो, हे मी जाणते. कबूल झालं की एक दिवसही थांबू नकोस.

मुलींना माझ्याबद्दल जे सांगायचं ते सांग, कमी करून सांगू नकोस. तुझा राग जाऊ देऊ नकोस. कधी रात्री-बेरात्री मनात आलं की गौहर अशी नव्हती, तर ते मनातून काढून टाक.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

गौहर